नाममुद्रेआधी फेड करू नका

इंदूरमध्ये रेडिओवर सर्वधर्म चर्चा ठेवायची म्हटली की कीर्तनकार बुवा, इमामसाहेब, बोहरांचे आमिलसाहेब (त्यांच्या धर्मगुरूंचे स्थानिक प्रतिनिधी), इमली साहिब गुरुद्वाऱ्याचे ज्ञानीजी, चर्चचे पाळक, एखादी जैन साध्वी अशी यादी हां हां म्हणता तयार होते. यादी झाली की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते पटत नाही. पाहुण्यावर खरा अन्याय होतो तो वेळ ठरवताना, फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर) आणि एडिटिंगला बसल्यावर.

आधी वेळ. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते अडीच इमामांना बोलावू नका, रमजानात रोजा सोडायच्या सुमाराला तर नाहीच. बोहरांचं पंचांग गणितावर चालतं, त्यामुळे त्यांचा मोहरम चंद्र पाहून महिना धरणाऱ्यांच्या एक-दोन दिवस आधी येतो. निवेदनात ‘आज सगळे मुस्लीम बांधव’ असं लिहिलंत की काही श्रोत्यांसाठी ते चूक ठरतं. बहुतेक जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत. रेकॉर्डर घेऊन आपणच उपाश्रयात, म्हणजे त्यांच्या मुक्कामी, जायचं. काही परंपरांत माइकही वर्ज्य आहे, म्हणून आधी विचारा. नकार आला तर उत्तरं लिहून घ्या, स्टुडिओत वाचा आणि ती का वाचतोय हे श्रोत्यांना सांगा.

ओळख करून देताना ‘इस्लामची बाजू मांडायला’ असं म्हणू नका. ते अमुक मशिदीचे इमाम आहेत, तेवढंच म्हणा. अख्ख्या धर्माचा वकील म्हणून कुणालाही बसवायचं नाही. प्रश्नांची एक सोपी परीक्षा आहे: जगात कुठेतरी घडलेल्या हिंसेबद्दल इमामांना विचारणार असाल, तर तसाच प्रश्न बुवांना विचाराल का? नसेल विचारणार, तर खोडा.

आता माइक. याकडे फारसं कुणी बघत नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बुवांचा आवाज मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकायला तयार झालेला, तर चर्चच्या सिस्टर प्रार्थनेच्या सुरात बोलणाऱ्या. दोघांना एका माइकवर बसवलं की बुवा श्रोत्याच्या कानाशी आणि सिस्टर शेजारच्या खोलीत असल्यासारख्या ऐकू येतात, आणि बुवा दादागिरी करतायत असा समज होतो. बिचाऱ्यांचा काही दोष नसतो. प्रत्येकाला स्वतंत्र माइक द्या, बुवांना दीड वीत अंतरावर, सिस्टरना पाऊण वीत. लेव्हल घेताना ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावू नका, त्यात खरा आवाज निघत नाही. बुवांना एखादी ओवी म्हणू द्या आणि मीटरवर सगळ्यांचं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास आणा.

२८ मिनिटांच्या कार्यक्रमात निवेदनाला ४ आणि संगीताला २ मिनिटं गेली की उरतात २२, म्हणजे चार पाहुण्यांना प्रत्येकी साडेपाच. स्टॉपवॉच लावून मोजा, अंदाज नेहमी बोलक्या माणसाच्या बाजूने झुकतो. नारदीय कीर्तनाच्या सवयीने बुवा आधी नमन, मग पूर्वरंगाचं निरूपण, मग आख्यानातली कथा अशा ओघाने जातात आणि मुद्दा लांबतो. त्यांना फोनवरच सांगून ठेवा, ‘बुवा, पहिल्या दीड मिनिटात मुद्दा येऊ दे.’ कार्यक्रम चालू असताना तोडण्यापेक्षा हे बरं.

एडिटिंगमध्ये ‘पण’च्या पुढचं वाक्य कापलं की माणसाचं मत उलटं होतं. श्वास कापा, अडखळणं कापा, अट कापू नका. कम्युनिटी रेडिओच्या नियमांप्रमाणे प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपावा लागतोच, पण मूळ अखंड रेकॉर्डिंगही तेवढेच दिवस ठेवा. तक्रार आली तर पाहुण्यासमोर तेच लावता येतं. धार्मिक भावनांचा गैरफायदा घेऊ नये आणि कुणाच्या श्रद्धेला धक्का लावू नये, हेही त्याच नियमांत आहे. म्हणून देणगीचं आवाहन आणि ‘या जपाने आजार बरा होतो’ असले दावे हवेत जाऊ देऊ नका, मग पाहुणा कुठलाही असो.

शेवटी फेड, म्हणजे आवाज हळूहळू खाली आणणं. वेळ संपली म्हणून अभंग ‘तुका म्हणे’च्या, म्हणजे संताच्या नाममुद्रेच्या, आधी खाली आणणं, ‘नानक’ येण्याआधी गुरबानीतला शबद तोडणं किंवा कुराणाची आयत मध्येच थांबवणं हा ऐकणाऱ्याला सरळ अपमान वाटतो. पाठ आधीच निवडून घ्या, सेकंदांत मोजा आणि बसत नसेल तर छोटा घ्या. इमामांच्या बोलण्याखाली त्यांना न विचारता वाद्यसंगीत लावू नका. पाठ संपल्यावर दोन सेकंद शांतता ठेवा, मग सिग्नेचर ट्यून.