आठ थांब्यांची वाट : सदर ते सेमिनरी हिल्स

पहाटे साडेपाचला नागपूरच्या सदर भागातल्या कॅथेड्रलच्या फाटकातून आम्ही निघतो आणि आठच्या आत सेंट चार्ल्स सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या टेकडीवर पोहोचतो. अंतर जेमतेम 4-5 किलोमीटर. वेळ जातो तो थांब्यांवर. प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, सरता सरता नागपूरचे ऊन नऊलाच टोचू लागते, म्हणून उशीर परवडत नाही. प्रत्येकाजवळ लिटरभर पाणी, डोक्याला दुपट्टा, पायांत रोजचे जोडे. नवे जोडे घातलेला हमखास चढावर मागे राहतो.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 5:3 ते 10 मध्ये येशूची आठ धन्यवचने आहेत. त्याच्या डोंगरावरच्या प्रवचनाची ती सुरुवात; प्रत्येक वचन ‘जे अमुक ते धन्य, कारण…’ अशा घाटाचे. पहिले फाटकाशी, आठवे माथ्यावर, मधली सहा वाटेत. एकाने वचन दोनदा वाचायचे, मग पाच मिनिटे मौन, आणि मौनातच पुढे निघायचे. चौकात थांबू नये. गाड्यांच्या आवाजात ‘धन्य’ ऐकू येते, ‘कारण’च्या पुढचे बुडते, आणि सगळा अर्थ त्या ‘कारण’मध्ये आहे.

पहिल्याच थांब्यावर, ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ वाचताना, ‘धन्य’ हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. ‘धन्य’मध्ये ‘धन’ दडलेले आहे, त्यामुळे नोकरी लागली, घर झाले, आजार बरा झाला की माणूस धन्य, असे आपण सहज धरून चालतो. मूळ ग्रीकमध्ये इथे ‘मकारिओस’ आहे; बायबलमधले पहिले स्तोत्र ज्याने सुरू होते त्या हिब्रू ‘अश्रे’च्या जागी येणारा शब्द. आशीर्वाद देणे यासाठी दोन्ही भाषांत वेगळी क्रियापदे आहेत. आशीर्वाद देतात, धन्य म्हणून घोषित करतात. येशू इथे ‘दीन व्हा’ अशी आज्ञा करत नाही. जे आधीच रित्या हाताने देवापुढे उभे आहेत, त्यांना तो त्यांची खरी स्थिती सांगतो.

हे निसटले की दुसऱ्या थांब्यावर चूक होते. ‘जे शोक करत आहेत ते धन्य’ ही अट मानली, तर दुःखच पुण्य ठरते आणि नुकतेच घरचे माणूस गमावलेल्याला ते वचन जखमेसारखे लागते. अशी व्यक्ती सोबत असेल तर वाचणाऱ्याने ‘त्यांचे सांत्वन करण्यात येईल’ हे सावकाश वाचावे. सांत्वन करणारा देव आहे. शोकाची थोरवी तिथे गायलेली नाही.

तिसरे वचन मराठीत फार सुंदर उतरले आहे : सौम्य लोक ‘पृथ्वीचे वतन भोगतील’. वतन म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. ते मजुरी करून मिळत नाही, वारशाने येते. या एका शब्दावर आम्ही सगळ्यांत जास्त रेंगाळतो.

नागपूरकरांनी इथे ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांना आठवावे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना नवा करार (बायबलचा दुसरा भाग) मिळाला आणि याच डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना खिळवून ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

चढ सुरू झाला की दम लागतो. पाचवे ते सातवे वचन थोडक्यात होते, होऊ द्यावे. माथ्यावर मात्र पहिले आणि आठवे लागोपाठ वाचतो. दोन्हींच्या शेवटी ‘स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’. मधली सहा भविष्यकाळातली, ही दोन टोके वर्तमानातली. छळ सोसणाऱ्यालाही ‘आहे’ म्हटले आहे.

शेवटी बायबलच्या गणना या पुस्तकातले 6:24-26 : ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो.’ प्रत्येकाने शेजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे. तरुण मुले वडीलधाऱ्यांना ‘तुला’ म्हणायला बिचकतात आणि ‘तुम्हाला’ करतात. आम्ही ‘तुला’च म्हणायला सांगतो. हिब्रूत सगळ्या इस्राएलासाठीचा हा आशीर्वाद एकवचनातच आहे : प्रत्येकाला वेगळा.