आजी-आजोबांना घेऊन मुंबई: आधी पायऱ्या मोजा

जळगाव-भुसावळकडून शनिवार-रविवार मुंबई करायची ठरली की घरात पहिली चर्चा 'काय काय पाहायचं' याचीच होते. ती शेवटी करा. घरातल्या सगळ्यात दुखऱ्या गुडघ्यांना किती पायऱ्या झेपतात हे आधी ठरलं, की निम्मी यादी आपोआप गळते.

तिकिटापासून सुरुवात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शुक्रवारी रात्री निघायला अमरावती एक्स्प्रेस आणि विदर्भ एक्स्प्रेस सोयीच्या, पण दोन्ही विदर्भातूनच भरत येतात, तेव्हा आठवडाभर आधी जागा शोधण्यात अर्थ नाही. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. घरची आठ माणसं निघणार असतील तर दोन तिकिटं तशीही लागतातच. मग आजी-आजोबांचं दोघांचंच वेगळं काढा आणि कोट्यात 'लोअर बर्थ / सीनियर सिटिझन' निवडा. हा कोटा ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायकांसाठी आहे, तोही तिकिटावर असे एक किंवा दोघंच असतील तर. प्रेमाने नातवाचं नाव त्यात घातलं की कोटा गेला. त्यांना कोणता डबा मिळाला ते बघून उरलेल्या सहांच्या तिकिटात पसंतीचा डबा म्हणून तोच नंबर टाका. मिळेलच असं नाही. नाहीच मिळाला तर मोठ्यांपैकी एकाने त्यांच्या डब्यात कुणाशी तरी जागा बदलून घ्यायची. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० मध्येच बंद झाली, तिच्यावरून खिडकीवर वाद घालून उपयोग नाही. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही. पाच ते बारामधल्याला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही, आणि दहा वर्षांचं पोर कुशीत घेऊन कुणाचीच झोप होत नाही. पूर्ण तिकीट काढा.

नंदुरबारकडच्यांना खान्देश एक्स्प्रेस सुरतमार्गे पश्चिम रेल्वेवर नेते, त्यांचा हिशेब वेगळा. धुळेकरांना चाळीसगाव गाठायचं नसेल तर महामार्ग आहेच.

उतरायचं कुठे? 'दादरला उतरू, पाहुण्यांचं घर जवळ पडतं' हा सल्ला म्हाताऱ्या माणसांसोबत ऐकू नका. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते, त्यात सामान उतरवा, पोरं मोजा आणि वर पूल चढा. सीएसएमटी शेवटचं स्टेशन आहे, तिथे गाडीला पुढे जायची घाई नसते. फलाटावरून सपाट चालत बाहेर येता येतं, पूल लागत नाही. टॅक्सीचे शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार माणसं बसतात. आठांसाठी दोन टॅक्स्या, आणि दोन्हींत पत्ता माहीत असलेलं एक मोठं माणूस. दोघे जाणते एकाच टॅक्सीत बसले की दुसरी हमखास भरकटते.

गाडी पहाटे-सकाळी पोचते आणि हॉटेलची खोली दुपारी बारा-दोनला मिळते. या मधल्या तासांतच घरात भांडणं होतात. एक तर शुक्रवारच्या रात्रीचेही पैसे भरा, नाहीतर लवकर चेक-इन मिळेल का ते आधी फोनवर पक्कं करा. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारा: संडास कमोडचा आहे का, आणि लिफ्ट थेट जमिनीपासून आहे का. फोर्टातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत जायला आधी सात-आठ दगडी पायऱ्या. लिफ्ट आहे असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, एवढंच.

फिरताना रोज शहराचा एकच भाग घ्या. शनिवारी गेटवे, जवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मध्ये दोन तास खोलीवर झोप आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. घारापुरीला तरुणांनीच जावं. बोटीत चढताना जेट्टीच्या पायऱ्या ओल्या असतात, बोट हलत असते, आणि बेटावर लेण्यांपर्यंत १२० च्या आसपास पायऱ्या. सोमवारची सुट्टी जोडून गेलात तर लक्षात ठेवा, लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी सकाळी राणीची बाग. पोरांना पेंग्विन, आजोबांना झाडांच्या सावलीत बाकडी. सिद्धिविनायकाला आता सीएसएमटीहून भुयारी मेट्रो थेट जाते, मात्र मेट्रोच्या प्रत्येक दाराला लिफ्ट नसते, कोणत्या दाराला आहे ते विचारूनच रस्ता ओलांडा. रविवारी लोकलच्या भरवशावर राहू नका, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) बहुतेक दुपारीच असतो.

रात्रीच्या प्रवासाला दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बांधा. पाण्यातल्या पोळीपेक्षा दशमी मऊ राहते, आणि चटणी दोन्ही दिवस उपयोगी पडते, कारण मुंबईतल्या भाजीत आपल्याकडच्या माणसाला तिखट सापडत नाही. औषधं बॅगेत नको, ज्याची त्याच्या खिशात किंवा पिशवीत.

परतीचं गणित लोक विसरतात. संध्याकाळी सुटणाऱ्या विदर्भ-अमरावती जळगावला ऐन मध्यरात्रीनंतर पोचतात. रेल्वेच्या १३९ नंबरवर डेस्टिनेशन अलर्ट (स्टेशन येण्याआधी फोनवर मिळणारी सूचना) लावा, उतरायच्या अर्धा तास आधी आजी-आजोबांना उठवून चपला घालायला लावा, आणि गावी जायचं असेल तर गाडीवाल्याला शुक्रवारीच सांगून ठेवा. त्या वेळी स्टेशनबाहेर मिळणारी रिक्षा शहरापुरतीच येते.