ठणठणीत माणसाची शुश्रूषा

सोमवार

धाकट्या भावाचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ऑफिसात कुणीतरी सापडलं म्हणून सगळ्यांची तपासणी झाली, नाहीतर पत्ताही लागला नसता. ताप नाही, खोकला नाही, वास येतोय, चव लागतेय. डॉक्टर फोनवर म्हणाले, वेगळ्या खोलीत ठेवा, लक्ष ठेवा, औषधाची गरज नाही.

आजारी माणसाचं करायची मला सवय आहे. कपाळाला हात लावून बघायचा, उशाशी बसायचं, रात्री दोनदा उठायचं. इथे यातलं काहीच नाही. त्याच्यापासून लांब राहायचं, एवढीच सेवा. आणि जपायचंय ते त्याला कमी, पलीकडच्या खोलीतल्या आईला जास्त. सत्तरी ओलांडलेली, त्यात मधुमेह.

मोठ्या खिडकीची खोली त्याला दिली.

मंगळवार

"ताई, मला काहीही झालेलं नाही. उगाच कोंडून ठेवलंयस."

वाद घालून दमले. अरे, खोकला नसला तरी बोलताना, नुसता श्वास सोडतानाही विषाणू बाहेर पडतो आणि बंद खोलीत ते बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून त्याची खिडकी उघडी आणि दार बंद. दार उघडायचंच झालं तर दोघांच्याही तोंडाला मास्क. ताट बाहेर स्टुलावर ठेवून मी बाजूला होते, मग तो उचलतो. भांडी आणि बाथरूम तोच घासतो, साबण-पाणी पुरतं. रुग्णाला कामाला लावणारी मी पहिलीच परिचारिका असेन.

बरं, 'लक्षणं नाहीत' हे आज कोण छातीठोक सांगणार? लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाचेक दिवस लागतात, कधी कधी चौदासुद्धा. म्हणजे तो खरंच लक्षणांवाचून सुटला की त्याचं सगळं अजून यायचंय, हे मागाहूनच कळणार. हे त्याला सांगितल्यावर मात्र गप्प झाला.

बुधवार, रात्री

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८९! दाराच्या फटीतून त्याने आकडा वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग सुचलं, नुकताच भांडी घासून उठलाय, बोटं गार पडली असणार. हात चोळून ऊब आणायला लावली. टेकून बस, हात छातीशी धर, बोलू नकोस. मधल्या बोटाला लावल्यावर आकडा आधी नाचला, मग हळूहळू ९७ वर स्थिरावला. ठरलं, पहिला आकडा लिहायचाच नाही, मिनिटभर थांबून जो टिकेल तो लिहायचा.

त्यानंतर सहा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालणं. या आजारात माणूस हसत बोलत असतो आणि ऑक्सिजन आतून उतरत असतो. चालल्यावर तीन-चारने घसरला किंवा ९४ च्या खाली गेला, तर रात्र-अपरात्र न बघता फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलंय. चालून ९६. झोपते आता.

शुक्रवार

दिवस फोनवर गेला. एका नातेवाइकाने स्वतःच्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, "आत्ताच सुरू करून टाका." त्यात स्टिरॉइड! जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या औषधांच्या चाचणीने डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचतात हे दाखवलं खरं, पण ते व्हेंटिलेटरवर किंवा ऑक्सिजनवर असलेल्यांचे. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. धडधाकट माणसाला ते द्यायचं कशाला? "बघू" म्हणून फोन ठेवला. एरवी मी भांडले असते.

या सगळ्या फोनांत आईची चौकशी एकानेही केली नाही.

रविवार

आई बंद दाराशी जाऊन बसू बघते. तिला उठवणं हे माझं सगळ्यात अवघड काम. शेवटी दोघांना फोन लावून दिला. भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून दोघं इतक्या मोठ्याने बोलतात, की फोनची गरजच नाही. तिचंही तापमान आणि ऑक्सिजन सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितेय. धाकट्याचं पान कंटाळवाणं आहे, तिचं मी दोनदा वाचते.

गुरुवार

दहा दिवस भरले, शेवटपर्यंत साधी शिंकही नाही. ऑफिसला पुन्हा तपासणी करून निगेटिव्ह रिपोर्ट हवाय. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मेलेल्या विषाणूचे तुकडे कित्येक आठवडे तपासणीत सापडू शकतात, तेवढ्याने माणूस संसर्ग देतो असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२० मध्येच लक्षणं नसलेल्यांसाठी तपासणीपासून १० दिवसांची मुदत सांगितली आणि निगेटिव्ह रिपोर्टची अट काढली. ऑफिसला हे कोण पटवणार! धाकटा पटवेल, त्याला बोलायला माणसं हवीच आहेत.

आईचा हिशेब वेगळा. रिपोर्टच्या आदल्या रात्री ती त्याच्या शेजारी बसली होती, चौदा दिवस तिथून मोजायचे. तिची वही चालू आहे. आज संध्याकाळी ९७.