हिशेबातल्या माणसाचं कॅड

मी हिशेब खात्यातला माणूस. इंजिनिअरिंगशी माझा संबंध बिलं पास करण्यापुरता. पण घरी एक ड्रिल मशीन आहे, मागच्या व्हरांड्यात टेबलाला वाइस ठोकलेली आहे, आणि रविवारी काहीतरी खुटखुट केल्याशिवाय मला करमत नाही. आकृत्या वहीत, पेन्सिलीनं. बरीच वर्षं त्यावर भागलं. मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या रेग्युलेटरचा नॉब फुटला, आणि तसला नॉब सुटा कुठे मिळेना. थ्रीडी प्रिंट काढून देणारा एकजण नागपुरातच बजाजनगरकडे होता. तो म्हणाला, "फाइल आणा, काढून देतो." फाइल म्हणजे कॅड, कॉम्प्युटरवर मापात काढलेली आकृती. तिथून हा उद्योग सुरू झाला.

कॅड म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ऑटोकॅडचं. एका सिव्हिलवाल्या मित्रानं लगेच पेन ड्राइव्ह पुढे केला, "घे, क्रॅक केलेलं आहे, चालते." नको म्हटलं. फुकटचा व्हायरस कोण घरात घेईल! शिवाय मला नकाशा काढायचा नव्हता. मला हवी होती भरीव वस्तू, आणि तीही अशी की एक माप बदललं की बाकीचा आकार आपोआप सावरून घेईल. याला पॅरामेट्रिक मॉडेलिंग म्हणतात हे नंतर कळलं. क्लासमध्येही चौकशी केली. तिथे पहिला प्रश्न "डिग्री की डिप्लोमा?" आणि पूर्ण अभ्यासक्रम नोकरीच्या हिशेबानं आखलेला. नॉब करायचाय म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीला हसू आवरेना.

मग घरीच एकेक बघायला घेतलं. टिंकरकॅड ब्राउझरमध्ये चालतं, पूर्ण फुकट. ठोकळे जोडायचे, ठोकळे वजा करायचे. माझ्या भाचीनं त्यात अर्ध्या तासात किचेन केली. लहान मुलांना शिकवायला याच्यासारखं दुसरं नाही, पण मापांचं एकमेकांशी नातं त्यात बांधता येत नाही. फ्यूजन हे ऑटोडेस्कचं, म्हणजे ऑटोकॅड काढणाऱ्या कंपनीचंच. घरगुती, बिनधंद्याच्या वापराला फुकट, मात्र एका वेळी दहाच डॉक्युमेंट संपादनासाठी उघडी ठेवता येतात. ऑनशेप हे सॉलिडवर्क्स नावाचं कॅड काढणाऱ्या जॉन हर्श्टिक आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी उभं केलं. पुरतं ब्राउझरमध्ये, त्यामुळे साधा लॅपटॉपही चालतो, पण फुकट खात्यात केलेलं प्रत्येक मॉडेल जगाला उघडं. आता माझ्या नॉबमध्ये लपवण्यासारखं काय आहे म्हणा!

खरं सांगायचं तर फ्यूजन आणि ऑनशेप दोन्ही सुरेख आहेत, आणि ज्याला महिनाभरात हात बसवायचाय त्यानं बिनदिक्कत त्यातलं एक घ्यावं. माझं घोडं वेगळ्या जागी अडलं. मी वर्षातून चार-सहा वेळा हे उघडणार. मधल्या काळात फुकट योजनेच्या अटी बदलल्या तर? असं होतं. ऑटोडेस्कनं 2020 साली फ्यूजनच्या घरगुती परवान्यातल्या बऱ्याच सोयी कमी केल्या. स्केचअप या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरची फुकट मिळणारी, कॉम्प्युटरवर टाकायची आवृत्ती 2017 वरच थांबली, पुढे फुकटवाल्यांना वेबवर जावं लागलं. कंपनीचा तो हक्कच आहे, तक्रार नाही. पण जुनी खतावणी कधीही उघडता आली पाहिजे, हा आमच्या खात्याचा धर्म. म्हणून गाडी फ्रीकॅडवर आली. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे फुकट आणि कुणा एका कंपनीच्या मुठीत नसलेलं, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं, आणि फाइल आपल्याच डिस्कवर.

भाचीचं मत निराळं. ती कोडिंग शिकते, तिनं ओपनस्कॅड धरलं. त्यात माऊसनं काही काढायचंच नाही, सगळं लिहायचं. "मामा, तू चित्र काहून काढून राहिला? लिही नं सरळ!" तिनं ड्रॉवरचे कप्पे आठ-दहा ओळींत करून दाखवले. मान्य, पण मला वस्तू बोटानं फिरवून बघितल्याशिवाय समजत नाही.

फ्रीकॅड सुरुवातीला अंगावर येतं. पडदा भरून चिन्हं, वर 'वर्कबेंच' नावाचे वेगवेगळे विभाग, आणि बहुतेक व्हिडिओ जुन्या आवृत्त्यांचे. 1.0 ही आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली, त्याआधीच्या व्हिडिओत बटणं दुसरीकडेच दिसतात. मी ठरवलं की सपाट आकृती काढायचा स्केचर आणि तिची भरीव वस्तू करायचा पार्ट डिझाइन हे दोनच विभाग उघडायचे, बाकीच्यांकडे बघायचं नाही.

नॉबचं छिद्र हीच खरी शाळा ठरली. रेग्युलेटरची दांडी 6 मिमीची, पण पूर्ण गोल नाही, एक बाजू सपाट. सपाट बाजूपासून समोरच्या कडेपर्यंत 4.5 मिमी. इतवारीत लोहा ओळीतून डिजिटल वर्नियर आणला आणि मोजलं. स्केचरमध्ये मधोमध वर्तुळ काढायचं, त्याला छेदणारी रेघ मारायची, नको तो तुकडा छाटायचा. आता ही आकृती अजून सैल असते. माऊसनं ओढली की वेडीवाकडी होते. तिला अटी घालायच्या: केंद्र इथेच राहील, रेघ आडवीच राहील, व्यास इतका, अंतर इतकं. शेवटची अट पडली की सगळ्या रेघा हिरव्या होतात, म्हणजे हलायला जागाच उरली नाही. ताळेबंद जुळल्यावर वाटतं ना, अगदी तसंच वाटलं. अटी घालून आकृती बांधायची ही कल्पना फार जुनी. इव्हान सदरलँड यांनी एमआयटीत 1963 साली केलेल्या स्केचपॅडमध्येसुद्धा ती होती.

प्रिंटमध्ये छिद्र थोडं आवळतं, म्हणून 6 मिमीच्या दांडीला 6 चं छिद्र बसत नाही. पूर्ण नॉब काढण्याआधी एका पातळ पट्टीत 6.1, 6.2, 6.3 अशी छिद्रं काढून घेतली. 6.2 चपखल बसलं. प्रिंटवाल्याला फाइल एसटीएल नावाच्या प्रकारात द्यायची असते, आणि त्या फाइलमध्ये एकक नसतं, नुसते आकडे असतात. सोबत 'मिमी' असं लिहून दिलेलं बरं. प्लास्टिक मात्र विचारून घ्या. पीएलए स्वस्त आणि सोपं, पण साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्या मे महिन्यात हवाच पंचेचाळीसच्या पुढे, उन्हात तापलेला पत्रा त्याहून कितीतरी जास्त. मी पीईटीजी सांगितलं, ते साधारण ऐंशीपर्यंत तग धरतं.

नॉब झाल्यावर हाव सुटली. खिडकीबाहेरचा कूलरचा स्टँड बदलायला झाला होता, आणि इथे मला फ्रीकॅडमध्ये माझं माहेर सापडलं: स्प्रेडशीट. एका कोष्टकात टाकीची लांबी, रुंदी, उंची, अँगलची जाडी लिहायची, प्रत्येक घराला नाव द्यायचं, आणि स्केचमधल्या मापाच्या जागी आकड्याऐवजी ते नाव टाकायचं. रुंदी अधिक दोन्ही बाजूंची फट, असं सूत्रसुद्धा चालतं. आयुष्य एक्सेलमध्ये गेलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

एक गोष्ट आधी वाचून ठेवली होती, ती कामी आली. फ्रीकॅड प्रत्येक पृष्ठाला आणि कडेला क्रमांक देतं. तुम्ही मागे जाऊन एखादं छिद्र वाढवलं की क्रमांक सरकतात आणि पुढची गोलाई भलत्याच कडेला जाऊन बसते. 1.0 मध्ये यावर मोठा इलाज झालाय. तरी मी स्केच शक्यतो मूळ प्रतलांवरच काढतो, एखाद्या पृष्ठावर चिकटवत नाही, आणि गोलाया अगदी शेवटी.

फॅब्रिकेशनवाल्याला पडद्यावरचं मॉडेल उपयोगाचं नाही, त्याला कागद लागतो. टेकड्रॉ या विभागात समोरून, वरून, बाजूनं अशी दृश्यं मांडून मापं टाकता येतात. कोणतं दृश्य कागदावर कुठे बसवायचं याची आपल्याकडची फर्स्ट अँगल पद्धतही निवडता येते. मी मोठ्या ऐटीत मिमीमधला कागद नेला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, कागद उलटसुलट केला. "साहेब, हे सातशे बासष्ट म्हणजे किती? इंच-सुतात सांगा नं." तीस इंच. अकाउंटंटनं तिथेच उभ्यानं मिमीला पंचवीस पूर्णांक चारनं भागत बसणं शोभत नव्हतं, म्हणून घरी येऊन कोष्टकातच सोय केली: मापं इंचात भरायची, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मिमीचं रूपांतर सूत्रानं. अँगलच्या तुकड्यांची यादीही तिथेच तयार होते, कोणत्या लांबीचे किती.

स्टँड उभा राहिला. टाकीत ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, वर कूलरचं स्वतःचं वजन, म्हणून खालच्या तिरप्या टेकूंवर आमची थोडी हुज्जत झाली. सव्वा इंची अँगल पुरेल असं त्याचं म्हणणं, आणि वेल्डिंगमधलं मला काही कळत नसल्यानं मी त्याचंच ऐकलं. पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन. "साहेब, त्रिमूर्तीनगरला एक गिऱ्हाईक आहे, कूलर लहान आहे त्याचा, दोन फुटी. तसाच कागद काढून द्याल का?" कोष्टकातली तीन घरं बदलली, प्रिंट काढला आणि ऑफिसला जाता जाता त्याच्या दुकानात टाकला. त्यानं पैसे विचारले. मी म्हटलं, अँगलचे उरलेले तुकडे बाजूला ठेवा माझ्यासाठी.