चार दिवसांचं प्लेटिंग, माझे अठरा दिवस

ड्राय बाल्कनीत दागिने बनवते म्हटलं की लोकांना वाटतं मणी ओवत असेल. मणीही ओवते, पण माझं मुख्य काम पितळेच्या पेंडंटचं. 22 गेज जाडीचा पत्रा, त्यावर डिझाइनचा कागद चिकटवायचा, ड्रिलने भोक पाडायचं आणि त्यातून करवतीचं पातं घालून जाळी कापायची, हे सगळं वॉशिंग मशीनच्या शेजारी, आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर. पाती मोडतात, मोडू देत. मेण चोळलं की कमी मोडतात, आणि पात्याचे दात खाली मुठीकडे हवेत, मी पहिला महिना उलटंच लावत होते.

हे सगळं घरी बसून जमतं. जमत नाही ते प्लेटिंग, म्हणजे वर मुलामा चढवणं, आणि तिथेच माझं घोडं अडलं.

प्रदर्शन होतं 23 आणि 24 ऑगस्टला (2025). गणपती 27 ला, म्हणजे हरतालिका-गौरीच्या खरेदीचे नेमके दिवस. मी 4 तारखेला पेठेतल्या एका गल्लीत प्लेटिंगवाल्याकडे 64 नग दिले. "चार दिवसात या ताई." आठला गेले. माझी पिशवी जिथे ठेवली होती तिथेच, गाठही सुटलेली नाही. "ताई, लॉट भरला की टाकतो." बारीक कामाचं हेच असतं, तुमच्या 64 नगांसाठी कोणी टाकी तापवत नाही. बाराला फोन, उचलला नाही. चौदाला परत गेले तर काउंटरवर सगळे गणपतीचे मुकुट, मोदक, दूर्वांचे हार, गौरींचे कंबरपट्टे, ढीगच्या ढीग, आणि तो शांतपणे म्हणतो, "ताई, आधी बाप्पाचं." आता यावर काय बोलणार? मुकाट पार्किंगचे वीस रुपये देऊन घरी आले.

बरं, नुसतं तेवढंच अडलेलं नव्हतं. मोती, गोंडे, चिकटवलेले खडे हे सगळं प्लेटिंगनंतरच लावायचं, टाकीत गेलं तर वाट लागते. म्हणजे घरी दोरे कापून, मोती डबीत मोजून ठेवलेले आणि लावायला पेंडंटच नाही. नवरा म्हणाला तोवर डिस्प्ले कर. तो केला. तयार मखमली नेक स्टँड महाग वाटले म्हणून फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा गळ्याच्या आकारात कापून त्यावर बाटली-हिरवा खण चढवला. पहिल्या दोनवर फेव्हिकॉल फासला आणि तो कापडातून वर आला, पांढरट डाग. मग मागून डबल टेप. पितळेवर पिवळा बल्बच लावा, पांढऱ्या एलईडीत सोनेरी रंग मेल्यासारखा दिसतो.

अठराला मी तिथे स्टूल घेऊन बसलेच. खरंच बसले, दीड तास. तिथल्या कामाच्या मुलाने माझ्यासमोर नग तांब्याच्या तारेला टांगायला घेतले आणि मला म्हणतो, ताई याच्या कोपऱ्यात साबण आहे. बफिंगचा, म्हणजे घासून चमक आणायचा तपकिरी साबण, जाळीच्या कोपऱ्यात राहिलेला! तिथे मुलामा धरत नाही, काळा ठिपका पडतो. म्हणजे इतके दिवस मी त्याच्या नावाने खडे फोडत होते आणि चूक थोडी माझीही होती (थोडीच). तर देण्याआधी रिठ्याच्या पाण्यात भिजवून टूथब्रशने घासा, तेही रागात नको, जाळी वाकते.

मिळालं शेवटी 22 ला रात्री साडेनऊला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री! रात्री तीनपर्यंत मी, नवरा आणि सासूबाई मोती लावत होतो, सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा झपाझप चालतो हे कबूल करते. सकाळी स्टॉलवर पंख्याने दोन स्टँड आडवे झाले, खाली रेतीची पुरचुंडी बांधली. आणि आरसा विसरले! गळ्यातलं विकताय आणि आरसा नाही, पहिली बाई हसूनच गेली. नवऱ्याने घरी जाऊन बाथरूममधला काढून आणला.

विक्री छान झाली, तो मुद्दा नाही. मुद्दा हा की गणपतीचं काम असेल तर माल जूनमध्येच द्या, ऑगस्टमध्ये गल्लीत पायसुद्धा ठेवू नका. चिठ्ठीवर नग आणि वजन दोन्ही लिहून घ्या, वर फोटो काढा. प्लेटिंगमध्ये निकेल नको असेल तर आधीच सांगा, काहींच्या गळ्याला खाज सुटते, नंतर सांगून उपयोग नाही. हे माझ्याकडून राहिलं होतं, आणि चिठ्ठीसुद्धा.

कारण 64 दिले आणि परत आले 61. विचारलं तर म्हणाला, "गौरीच्या कुणाच्या तरी पिशवीत गेले असतील ताई." म्हणजे कुठल्यातरी घरी गौरीच्या गळ्यात माझी तीन पेंडंट आहेत, आणि तिथे जाऊन मागणार तरी कसं.