नाग, मण्यार आणि निओस्टिग्मिनचा एक तास

नाग चावला काय आणि मण्यार चावली काय, दवाखान्यात आलेला पेशंट दिसतो सारखाच. पापण्या उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात, आवाज नाकातून येतो, थुंकी गिळवत नाही, मान धरवत नाही आणि मग श्वास उथळ होत जातो. तरीही स्नायूंची ताकद तात्पुरती परत आणणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधाचं इंजेक्शन एकाला हात देतं आणि दुसऱ्याला बहुधा देत नाही.

मज्जातंतूच्या टोकातून असिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटतं, स्नायू आखडतो. काम झालं की कोलीनेस्टरेज हे एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतं. नागाचं विष रिसेप्टरवर जागा अडवून बसतं. निओस्टिग्मिन एन्झाइमला थोपवतं; मग असिटिलकोलीन साठतं आणि उरलेल्या मोकळ्या रिसेप्टरांवर पुन्हा पुन्हा काम करतं. मण्यारचं मुख्य विष मात्र मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. असिटिलकोलीन सुटतच नसेल तर औषध टिकवणार तरी काय?

ही जुनीच वाट आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराची लक्षणं क्युरार या स्नायू लुळे करणाऱ्या वनस्पतिजन्य विषाच्या बाधेसारखी दिसतात, हे हेरून लंडनमधल्या ग्रिनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयात डॉक्टर मेरी वॉकर यांनी १९३४ साली फायसोस्टिग्मिन हे एन्झाइमला थोपवणारंच औषध दिलं, पुढच्या वर्षी निओस्टिग्मिन. नागाचं विषही क्युरारच्याच जागेवर जाऊन बसतं. फायसोस्टिग्मिन मेंदूत शिरतं, निओस्टिग्मिन सहसा शिरत नाही, म्हणून इथे तेच बरं.

आता प्रत्यक्ष कृती, मोठ्या माणसासाठी. आधी अॅट्रोपीन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून, म्हणजे नेहमीचा एक अँप्यूल. त्यानंतर निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत; ०.५ मिलिग्रॅमचे एक मिलिलिटरवाले अँप्यूल असतील तर तीन. बाजारात अडीच मिलिग्रॅमचे मोठे अँप्यूलही असतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका. निओस्टिग्मिनचे दुष्परिणाम आवरणारं अॅट्रोपीन वगळायचं नाही. असिटिलकोलीन फक्त स्नायूतच वाढत नाही, हृदय, फुप्फुसं आणि आतड्यांतही वाढतं: नाडी मंदावते, छातीत स्राव साठतो, श्वासनलिका आवळतात. ज्याला गिळताच येत नाही त्याच्या घशात लाळ वाढवणं म्हणजे श्वास कोंडणं. दम्याच्या पेशंटला विशेष जपा.

इंजेक्शनच्या आधी मोजमाप लिहून ठेवा. एका श्वासात किती आकडे म्हणतो, दोन पापण्यांमध्ये किती मिलिमीटर फट आहे, वरच्या-खालच्या दातांमध्ये किती अंतर पडतं, वर बघताना नजर किती सेकंद टिकते. मग तासभर दर दहा मिनिटांनी तेच पुन्हा. ‘जरा बरं वाटतंय’ ही नोंद कामाची नाही. सकाळी ड्यूटी बदलल्यावर तिच्यावरून कुणाला काहीच ठरवता येत नाही. ‘फट २ मिमी होती, ५ झाली’ ही नोंद कामाची.

सुधारणा दिसली तर दर अर्ध्या तासाने ०.५ मिलिग्रॅम, सोबत अॅट्रोपीन. सुधारणा टिकली की अंतर एक तास, दोन, सहा, बारा असं वाढवत न्यायचं. तीन डोसांनंतरही फट तेवढीच असेल तर थांबा. स्नायू फडफडू लागले किंवा नाडी मंदावली तरी थांबा, कारण निओस्टिग्मिन जास्त झालं तर तेही स्नायू लुळे करतं. मग पेशंट विषाने ढासळतोय की औषधाने, हेच कळेनासं होतं.

या गडबडीत एएसव्ही, म्हणजे सर्पदंशावरचं प्रतिविष, मागे पडू देऊ नका. दहा व्हायल (कुप्या) आधी, गरज पडल्यास आणखी दहा; मज्जातंतूंवरच्या विषासाठी वीसच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. एएसव्ही रक्तात फिरणारं विष पकडतं, मण्यारने मोडलेलं टोक जोडत नाही. ते टोक नव्याने उभं राहायला दिवस लागतात, आणि तोपर्यंत त्या माणसाला श्वासनलिकेतली नळी आणि व्हेंटिलेटरच जगवतो. व्हेंटिलेटर नसेल तर हाताने दाबून श्वास देण्याची अॅम्बू बॅग हातात घेऊनच पुढच्या रुग्णालयाकडे निघायचं.

ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेतही माणूस लुळा पडतो, पण तिथे एन्झाइम आधीच अडलेलं असतं. निओस्टिग्मिन दिलं तर आगीत तेल. त्यात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम फुटतो.

मण्यारच्या पेशंटच्या बाहुल्या उलट मोठ्या, प्रकाशाला न हलणाऱ्या असू शकतात. हात-पाय हलत नाहीत, डोळे उघडत नाहीत, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीत. मेंदू मृत झाला असं समजून बॅग दाबणं थांबवण्याची चूक इथेच होते. तो माणूस शुद्धीवर असू शकतो, खाटेशेजारचं सगळं ऐकत असू शकतो. त्याच्याशी नाव घेऊन बोला, बोटाची किंवा कपाळाची किंचित हालचाल होते का ते पाहा आणि बॅग दाबत राहा.