बग्ज बनीच्या विमानावरचं 'ए' स्टिकर

इथे अमेरिकेत जुन्या कार्टूनपटांवर बोलणं निघालं की 'फॉलिंग हेअर'चं नाव येतंच. वॉर्नर ब्रदर्सचा हा जेमतेम आठ मिनिटांचा चित्रपट ऑक्टोबर १९४३ चा. दिग्दर्शन बॉब क्लॅम्पेटचं, बग्ज बनीचा आवाज मेल ब्लँकचा. नावातच कोटी आहे: इंग्रजीत ससा आणि केस या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच, म्हणजे 'पडणारा ससा' आणि 'केसगळती' एकदम.

यात विमानात बग्जची गाठ ग्रेमलिनशी पडते. ग्रेमलिन म्हणजे विमान बिघडवणारा काल्पनिक बुटका प्राणी. इंजिनातला बिघाड सापडेना की ब्रिटिश वैमानिक त्याचं खापर या ग्रेमलिनवर फोडत. इथे तो चक्क बग्जलाच पुरून उरतो, आणि म्हणून हा चित्रपट आम्हाला फार आवडतो. एरवी बग्ज कधी हरतो?

शेवटी विमान नाक खाली करून कोसळतं आणि जमिनीपासून हातभर अंतरावर अधांतरी थांबतं. पेट्रोल संपलेलं असतं! बग्ज काचेवरचं 'ए' स्टिकर दाखवतो. भारतातला प्रेक्षक नेमका इथेच अडतो.

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४२ पासून अमेरिकाभर पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. साध्या गाडीला 'ए' कार्ड, म्हणजे सुरुवातीला आठवड्याला ४ गॅलन, सुमारे १५ लिटर. युद्धकामासाठी ये-जा करणाऱ्यांना 'बी', डॉक्टरांसारख्यांना 'सी'. गाडीच्या काचेवर ते अक्षर चिकटवावं लागे. मुख्य कारण मात्र पेट्रोलचा तुटवडा नव्हतं. मलाया आणि आसपासचा रबराचा मुलूख जपानने घेतला होता. गाड्या कमी धावल्या तर टायर टिकतील, हा हिशेब. तासाला ३५ मैलांची वेगमर्यादा आली तीही त्यासाठीच. मुंबईत धान्याचं रेशनिंग याच १९४३ सालातलं; तेव्हाच्या मुंबईकराला हे स्टिकर कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.

बघायचा असेल तर प्रत पारखून घ्या. कॉपीराइटचं नूतनीकरण न झाल्याने अमेरिकेत हा चित्रपट सर्वांसाठी खुला आहे. त्यामुळे झिजलेल्या १६ मिलिमीटर फिल्मवरून काढलेल्या स्वस्त प्रती भरमसाट फिरतात: रंग उडालेले, कडा कापलेल्या, आवाज घोगरा. आधी थेट शेवटचं दृश्य लावा. काचेवरचं 'ए' ठळक वाचता आलं, तरच पहिल्यापासून बघायला बसा.